क्लेमच्या बाजूने विमा समजावणाऱ्या सर्व्हेअरताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या सामानाचा विमा पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी आम्ही लिहिलेली माहितीपुस्तिका तुम्ही ओळन् ओळ तपासून दिलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. नुकसान झालेल्या घरात उभं राहून हिशेब मांडणाऱ्या माणसाची नजर तिला लाभली. हप्ता किती याच्या आधी, क्लेमच्या दिवशी हाती काय पडेल हे विचारायचं, असा तिचा रोखच तुमच्यामुळे झाला.

सगळ्यात मोठं ऋण विमा रकमेच्या प्रकरणाचं. गोळाबेरीज आकडा टाकू नका, खोलीवार यादी करा, कपाटं उघडा, माळाही सोडू नका, असा तुमचा आग्रह. कपडे, भांडी, अंथरुणं एकेकटी किरकोळ वाटतात, पण बेरीज बघता बघता फुगते. मोडक्या वस्तूच्या जागी नवी देणारी पॉलिसी असेल तर आजची बाजारातली किंमत लिहायची. घसारा कापून देणारी असेल तर वस्तूच्या वयानुसार कमी. रक्कम कमी लावल्याचा फटका तुम्ही चार आकड्यांत दाखवलात. सामान १० लाखांचं, विमा ६ लाखांचा, नुकसान २ लाखांचं. प्रमाणात भरपाईचं कलम असेल तर विमा सामानाच्या ६० टक्केच असल्याने नुकसानीचेही ६० टक्केच, म्हणजे १ लाख २० हजार मिळतात, आणि ग्राहकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम वेगळी वजा होते. नुकसान ६ लाखांच्या आत आहे म्हणजे पुरतं भरून मिळेल, असं बहुतेकांना वाटतं. इतका महागात पडणारा गैरसमज दुसरा नाही.

एका वस्तूमागे जास्तीत जास्त किती भरपाई मिळते, त्या मर्यादेकडेही तुम्ही बोट दाखवलंत. दागिने, कॅमेरा, महागडं वाद्य त्या मर्यादेपलीकडे गेलं तर नावानिशी वेगळं नोंदवायचं, लागल्यास मूल्यांकनाचा दाखला जोडायचा. लॅपटॉप घराबाहेर चोरीला गेला तर संरक्षण आहे का, हेही आधीच विचारायचं.

अपवादांबद्दल तुमचे शेरे जसेच्या तसे छापले आहेत. पाइप अचानक फुटणं आणि महिनोन्‌महिने झिरपणारी ओल या विम्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत; दुसरीचे पैसे सहसा मिळत नाहीत. बऱ्याच पॉलिसींत घरफोडीसाठी कुलूप किंवा दार तोडल्याची खूण लागते. घर सलग किती दिवस बंद राहिलं तर चोरीचं संरक्षण थांबतं, तो आकडा शोधून अधोरेखित करायचा. आणि भाडेकरूंनो, घरमालकाचा इमारतीचा विमा तुमच्या सामानाला लागू नसतो!

पुराव्याची तुमची पद्धत आम्हांला फार आवडली: प्रत्येक खोलीचा एक सलग व्हिडिओ, उपकरणांच्या सिरियल नंबरचे फोटो, बिलांच्या प्रती, आणि हे सगळं घराबाहेर, ऑनलाइन साठवलेलं. बिलं घरातच जळाली तर उपयोग काय? मोठी खरेदी झाली की यादीत भर, आणि दर नूतनीकरणाला विमा रकमेची फेरतपासणी.

नुकसानीनंतर काय करायचं ते पान तर संपूर्ण तुमचंच. आधी पाणी किंवा वीज बंद करून नुकसान वाढू द्यायचं नाही, फोटो काढायचे, कंपनीला लगेच कळवायचं, चोरी असेल तर पोलिसांतही तक्रार द्यायची. खराब झालेली वस्तू मात्र सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय किंवा कंपनीने लेखी होकार दिल्याशिवाय टाकून द्यायची नाही. हे वाक्य आम्ही मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ठळक छापलं आहे.

आपले ऋणी,
पुस्तिकेचे लेखक