माझ्या कागदावर सावली धरणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम जाहीरपणे लिहितेय. तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळायलाच हवं.

सामूहिक निसर्गचित्रात माझं नाव आलं, तेव्हापासून मी विचारत होते. देखावा एक, प्रत्येकाने जागेवर बसून त्याची एकेक पट्टी रंगवायची आणि शेवटी सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी लावायच्या. यासाठी तयारी नेमकी काय करायची? अनुभवी मंडळी म्हणायची, "स्पॉटवर गेलीस की जमेल आपोआप." कुणी महागड्या ब्रशांची यादी धाडली. एकाने तर "आम्हाला कुठे कुणी शिकवलं होतं?" असं सुनावलं. ज्यांना येतं त्यांनीच हात आखडता घ्यावा, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि पहिलाच प्रश्न केलात, "सगळ्यांची क्षितिजरेषा कागदावर किती उंचीला धरायची ठरलीय?" कुणी ठरवलंच नव्हतं! कुणी खाली बसून काढणार, कुणी उभ्याने, मग पट्ट्या जुळणार कशा? उजेडाचंही तेच. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून एकच वेळ ठरवा, सावल्या आधी मांडून घ्या आणि नंतर त्यांच्यामागे धावू नका, असं तुम्ही सांगितलंत. पुठ्ठ्यात पट्टीच्याच प्रमाणाची खिडकी कापून हातात दिलीत. त्यातून बघितल्यावर तो अफाट देखावा एकदम आवाक्यात आला.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. सराव करताना ऊन माझ्या कागदावर आलं. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात, रंग गरजेपेक्षा गडद लागतात आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं आणि तुम्हीही बोलला नाहीत. नुसत्या उठलात आणि अशा उभ्या राहिलात की तुमची सावली बरोबर माझ्या कागदावर पडली. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला हात, वाळेपर्यंत तिथेच होतात. ऊन कडेने आत शिरलं की बोलता बोलता अर्धं पाऊल सरकायचात. तिकडे तुमचं स्वतःचं चित्र अर्धवट पडलं होतं आणि पॅलेटमधले रंग सुकत चालले होते.

हात बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. समोरच्याला ओशाळं न करता मदत करणारी फार थोडी. तुमच्याजवळ बसून काही विचारताना एकदाही आपण अडाणी आहोत असं वाटलं नाही, ताई. एवढं मन कुठून आणता?

आता सगळ्यांची क्षितिजरेषा ठरलीय, वेळही ठरलीय. माझ्या शेजारची पट्टी मी तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगितलीय. मनापासून आभार, आणि नक्की या.

तुमची,
शेजारच्या पट्टीवाली