नाही म्हणालात, म्हणून हे पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

घरी येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढताच विचारतो, "हा वॉलपेपर कुठून मागवला?" आणि आई आतून ओरडते, "मागवला नाही, वारली चित्र काढून घेतलंय भिंतीवर!" मग चहा होईपर्यंत त्या बिचाऱ्याला सगळी कथा ऐकावी लागते. गेल्या चार महिन्यांत ती इतक्या वेळा सांगून झाली की म्हटलं, आता ती तुम्हालाच कळवावी. आणि चारचौघांत कळवावी, कारण पहिल्या दिवशी मी तुमच्याशी जशी बोलले, तेही चारचौघांना कळायला हवं. तुमचं नाव मात्र टाकत नाही. "इच्यारल्याशिवाय नंबर देऊ नका, लोक रात्री अकराला फोन करून भाव करतात," असं तुम्ही बजावून ठेवलंय.

वसईच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा हॉलची मोठी भिंत रिकामी होती. अकरा फूट लांब, आठ फूट उंच. इंटीरियरवाल्याने टॅबवर वारली डिझाइनचं डिजिटल प्रिंट दाखवलं. दोन दिवसांत चिकटवून मिळेल, पाहिजे तर खाली कुटुंबाचं आडनाव टाकून देतो म्हणाला. आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो. आईने चष्मा लावून ते चित्र पाहिलं आणि विचारलं, "हा तारपावाला गोलाच्या बाहेर एकटा काय करतोय?" बाबा तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, आमची लहानपणची बरीच वर्षं तिकडेच गेली. तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य; ते वाजवणारा मध्ये असतो, तो वळेल तशी नाचणाऱ्यांची साखळी वळते, त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही, हे आईने शेकडो वेळा अंगणात बसून पाहिलेलं. प्रिंटमधली माणसं तर सगळी पाठ करून उभी होती. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते काही प्रिंटरला जाऊन सांगत नाही.

म्हणून दादा आणि मी डहाणू लोकल धरून तुमच्याकडे आलो, हाताने वारली काढणाऱ्या ताईंकडे. पुढे रिक्षा, मग गंजाडच्या अलीकडे पायी. जिव्या सोमा म्हसे याच भागातले. बायका लग्नात जे भिंतीवर काढायच्या ते कागदावर आणून जगभर नेणारा हा माणूस, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे सगळं मी रस्त्यात दादाला ऐकवत होते. तुमच्या ओसरीवर बसल्यावर तुम्हालाही ऐकवलं. तुम्ही भात पाखडत ऐकून घेतलंत. आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग मी मोबाइल काढून मला काय पाहिजे ते दाखवलं: लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नात घराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र. लहान असताना बाबांबरोबर एका वारली लग्नाला गेले होते. बाहेर रखरखीत ऊन, आत कुडाच्या भिंतींचा अंधार, आणि गेरूवर तो ओला पांढरा चौक. डोळे सरावेपर्यंत तेवढंच दिसत होतं. तसाच चौक हॉलमध्ये हवा होता, फक्त घोड्यावर नवरा-नवरी म्हणून आईबाबा. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. कल्पना माझ्या दृष्टीने फारच सुंदर होती.

तुम्ही म्हणालात, "नाय."

मला वाटलं पैशांचं असेल. मी चौरस फुटाचा भाव वाढवून सांगितला, म्हणजे आधी पाडून मागितलेला तोच परत वर नेला. तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि म्हणालात, चौकात पालघट देवी बसते. तिला आणायची तर घरात लग्न पाहिजे, सुवासिनी पाहिजेत, गाणी म्हणायला धवलेरी पाहिजे. "लगीन नाय, काय नाय, सोफ्याच्या पाठी तिला कशाला बसवता?" मी म्हटलं, पण बाजारात चौकाची चित्रं मिळतात की! तुम्ही लपवलं नाहीत. कागदावर आपणही काढून विकतो, पोट आहे, असं सरळ सांगितलंत. कागद घडी करून ठेवता येतो, घराची भिंत म्हणजे घराची भिंत.

परत येताना लोकलमध्ये मी दादाजवळ तुमच्याबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही. 'गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं म्हणजे...' इथून सुरुवात होती, एवढं पुरे.

तरी तुम्ही पंधरा दिवसांनी आलात. बरोबर भाचा, गेरूची पिशवी आणि बांबूच्या काड्या. आधी भिंतीवर बोट फिरवून नाराज झालात. आमच्या रंगाऱ्याने हौसेने लस्टर मारला होता, त्यावर गेरू धरेना. एक अख्खा दिवस भाच्याने पॉलिश पेपरने भिंत घासली. सोफ्यावर, देव्हाऱ्यावर, डाळीच्या डब्यात, सगळीकडे पांढरी धूळ. मग प्रायमर, मग फेव्हिकॉल घालून कालवलेला गेरू, दोन हात. आई म्हणाली, "गोठ्यात राहायला आल्यासारखं वाटतंय." तुम्ही म्हणालात, गोठा बरा, त्याला दरवर्षी सारवतात.

तुमच्याकडे तांदळाचं पीठ डिंकाच्या पाण्यात कालवून काढतात, ते पावसापाण्यात गेलं तरी कोणाला वाईट वाटत नाही, पुढच्या वेळी पुन्हा सारवायचं आणि पुन्हा काढायचं. आम्हाला मात्र फ्लॅटमध्ये कायमचं हवं होतं, म्हणून ॲक्रिलिकचा पांढरा. तो तुम्ही वापरलात, पण नाक मुरडून.

माणसं काढायची वेळ आली तेव्हा मी फोटोंचा अल्बम समोर ठेवला. बाबांचे निवृत्तीच्या दिवसाचे, दादाच्या लग्नातले, माझ्या मुलीच्या बारशाचे. तुम्ही अल्बम उघडलाही नाहीत. आईला शंका आली. दोन त्रिकोण, वर गोल डोकं, ना नाक ना डोळे, यात आमची माणसं ओळखायची कशी? तुम्ही तिला म्हणालात, "चेहऱ्यानं कुठं ओळखतात? कामानं ओळखतात. गुरुजी काय करायचे ते सांगा."

त्या संध्याकाळी या घरात जे झालं त्यासाठी खरं तर हे पत्र.

दादा म्हणाला, बाबा पावसाळ्यात पोरांना खांद्यावर घेऊन ओहोळ पार करून द्यायचे, तेच काढा. मी म्हटलं, ते एकदाच झालं होतं, सत्काराच्या भाषणात हेडमास्तरांनी त्याचं 'नेहमी' केलं. दादा चिडला. मी सायकल सुचवली, तर आई म्हणाली सायकल वर्षभरच होती, मग चोरीला गेली. फळ्यावर लिहिताना काढावं म्हटलं, तर ते काय, कुठलेही गुरुजी. तीन वर्षं आम्ही बाबांबद्दल असं बोललोच नव्हतो. फोटोला हार घालायचो, तिथीला जेवण करायचो, पण बोलणं 'देवमाणूस होते' याच्या पुढे जायचं नाही. आणि त्या संध्याकाळी भांडत होतो, मोठमोठ्याने. तुम्ही भिंतीला टेकून पाय लांब करून ऐकत होतात. मध्येच एकदा विचारलंत, "रोज काय करायचे?"

आई पटकन म्हणाली, "रोज? रोज चिकू दाबून बघायचे."

आम्ही हसलोच. पण खरं होतं ते. घोलवडकडून येताना कच्चे चिकू आणायचे, टोपलीत भाताच्या पेंढ्यात घालून कोपऱ्यात ठेवायचे, आणि रोज संध्याकाळी हातपाय धुतले की उकिडवे बसून एकेक चिकू अंगठ्याने दाबून बघायचे. मऊ झालेला बाजूला. पहिला आईला. तिला चिकू फारसा आवडत नाही, हेही त्याच संध्याकाळी आम्हाला कळलं. पन्नास वर्षांत तिने सांगितलं नव्हतं.

आता भिंतीवर डावीकडे खाली टोपलीपाशी वाकलेला माणूस आहे. गुडघे दुमडलेले, पाठीचा त्रिकोण पुढे झुकलेला, एक हात टोपलीत. अंगठा वेगळा दाखवलेला नाही, तरी दिसतो. शेजारी अंबाडा घातलेली बाई हात पुढे करून बसलीय आणि तोंड दुसरीकडे वळवलंय. चेहरा नसताना तोंड वळवलेलं कसं दाखवलंत, ते मी अजून जवळ जाऊन बघत असते. दादा मोटारसायकलला किक मारतोय, ती लागत नाहीय. माझी मुलगी खिडकीत मोबाइल धरून. मी दारात उभी राहून कोणाला तरी काहीतरी सांगतेय. यावर मी हरकत घेतली होती, ती घरात एकमताने फेटाळली गेली. तारपावाला गोलाच्या मध्ये आहे.

शेवटच्या दिवसाबद्दल लिहायचं तर हात थोडा जड होतो. तुम्ही मिक्सरमध्ये वाटलेलं तांदळाचं पीठ एका वाटीत ठेवलं होतंत. एवढा एक तुकडा आपल्या पद्धतीने करू म्हणालात, आणि टोपलीतल्या चिकूंचे ठिपके द्यायला आईकडे काडी केलीत. काडीचं टोक चावून मऊ केलेलं. आई दोन पावलं मागे सरली. "माझा हात नको. त्याला सुवासिनी लागतात ना?" माझ्याच तोंडून ऐकलं होतं तिने ते. बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, आम्ही कितीही सांगितलं तरी.

तुम्ही म्हणालात, "तां चौकाला. ह्यो चौक कुठं हाय? ही तुमची भिंत हाय."

तिने अकरा ठिपके दिले. पहिले दोन ओघळले. तुम्ही ते पुसू दिले नाहीत.

मला पाहिजे होता तसा चौक तुम्ही काढून दिला असतात, तर ती वाटी आईच्या हातात आली नसती. त्यावर मी अजून काही लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

भाव पाडून मागितला त्याबद्दल माफी. भाच्याचे घासाईचे पैसे तुम्ही वेगळे लावले नव्हते, ते आम्ही नंतर पाठवले, मिळाले असं त्याने कळवलंय. तुमचा पत्ता आतापर्यंत तिघांनी मागितला, तिघांनाही सांगितलं की आधी मी ताईंना विचारते. त्यातल्या एकांना कॅफेसाठी चौकच पाहिजे आहे. तुमचं उत्तर मी त्यांना कळवून टाकलंय.

आणि एक तक्रार आहे. ॲक्रिलिक जसंच्या तसं आहे, पण पिठाचे चिकू मुंग्यांनी नेले. श्रावणात रांग लागली होती, टोपली ते फरशी. मी मुंग्यांचा खडू लावायला निघाले तर आईने हात धरला. काल तिने वाटीभर तांदूळ भिजत घातलेत. झाडूची काडी चावून बघितली, जमली नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा बांबूच्या चार काड्या जास्तीच्या आणा, असा तिचा निरोप आहे.

तुमची,
गुरुजींची मुलगी