कवळीच्या पाच खेपा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
सचिवालय, पर्वरी.

सादर नमस्कार.

माझी आई 78 वर्षांची. तोंडात एकही दात उरलेला नाही. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात सध्या तिची कवळी तयार होते आहे. तिथले शिकाऊ डॉक्टर तिच्याशी इतक्या मायेने वागतात की त्यांचे आभार या पत्रातूनच मानते. माझे म्हणणे आहे ते तिथवर पोचण्याबद्दल.

कवळी एका दिवसात होत नाही. आधी हिरड्यांचे पहिले माप, मग त्यावरून बनवलेल्या ट्रेने दुसरे माप, मग वरचा-खालचा जबडा कसा मिटतो त्याची नोंद, मग मेणात बसवलेले दात लावून पाहणे आणि पाचव्या खेपेला कवळी. ती टोचली की घासून घ्यायला पुन्हा जायचे. आमचे गाव सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. पहाटेच्या बसने पणजी, तिथून दुसऱ्या बसने बांबोळी. आईला एकटीला पाठवता येत नाही. मी निवृत्त शिक्षिका, मला जमते. आमच्या वाड्यावरची काजूच्या बागायतीत मजुरीला जाणारी बाई पाच दिवसांचा रोज बुडवून सासूला घेऊन जाईल का? ती जात नाही. तिची सासू पेजेवर दिवस काढते.

राज्यात दंत महाविद्यालय हे एकच, 1980 साली सुरू झालेले. एकच असणे समजू शकते, गोवा लहान आहे. पण काणकोण, सांगे, सत्तरी, पेडणे इथून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गोवा लहान वाटत नाही.

आमच्याकडच्या एका सरकारी केंद्राचा माझा स्वतःचा अनुभव सांगते. दाढ किडली होती, वाचण्यासारखी होती. दातांच्या डॉक्टर होत्या, खुर्ची होती, पण ड्रिलचे यंत्र कित्येक आठवडे बंद. ‘थांबता येत नसेल तर काढून देते,’ त्या म्हणाल्या. त्यांचा तरी काय दोष? दुखणे सहन होईना, मी दाढ काढून घेतली. आईचे दातही असेच एकेक करून गेले.

किडलेली दाढ भरायला दर वेळी ड्रिल लागतेच असेही नाही. कीड फार खोल गेलेली नसेल तर हातातल्या अवजाराने ती खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते कायम असायला हवे. शाळांतही न्यावे, आणि पहिलीच्या वर्गापासून. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी मागची दाढ कायमची असते, पण कोणताही दात न पडता ती उगवते म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात, ‘पडेल, दुसरी येईल’ म्हणतात. माझ्या वर्गात अशा काळ्या पडलेल्या दाढा मी वर्षानुवर्षे पाहिल्या.

कार्डांचे म्हणाल, तर 2024 पासून वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळू लागले, पाच लाखांचे. आईनेही काढले. ते इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी आहे. रूट कॅनाल, सिमेंट, कवळी यांसाठी कोणी दाखल होत नाही, खुर्चीवर बसून काम होते आणि माणूस घरी येतो. कार्ड आईच्या ट्रंकेत आहे.

तुमच्याकडे मुख्य मागणी एकच आहे. आठवड्यातून एक ठरलेला दिवस दंत महाविद्यालयाचे डॉक्टर आणि विद्यार्थी तालुक्याच्या सरकारी इस्पितळात बसवा. कवळीची मापे तिथेच घेऊ द्या. पहिले माप ज्या मऊ लगद्यात घेतात तो लवकर आकसतो हे खरे, पण त्या ठशात तिथल्या तिथे प्लास्टर ओतता येते, त्याला मोठे यंत्र लागत नाही. ते प्लास्टरचे साचे गाडीने बांबोळीच्या प्रयोगशाळेत जाऊ देत आणि पुढच्या आठवड्यात परत येऊ देत. जबडा मिटण्याची नोंद, मेणातल्या दातांची चाचणी, टोचणारी कवळी घासणे, हे सगळे तालुक्यातच होईल. विद्यार्थ्यांनाही गावे कळतील. दिवस कोणता ते पंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कोंकणीत लिहा, आणि तो दिवस चुकवू नका, कारण त्याच्या भरवशावर कोणीतरी रोज बुडवून आलेले असेल.

आईच्या तीन खेपा झाल्या. मेणातले दात लावून पाहायचे आहेत. जत्रेतले खाजे दर वर्षी ती हातात घेते आणि नातवाला देते. या वर्षी स्वतः खाणार म्हणते.

आपली,
सत्तरीतील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका