सगळ्यांचीच प्रतिकारशक्ती वाढवायची नसते

महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जंतूंचा डीएनए शरीर कसा ओळखते यावरचा लेख वाचला. टीएलआर-9, सीगॅस, स्टिंग ही या ओळखीच्या कामातल्या प्रथिनांची नावे मराठी वर्तमानपत्रात क्वचितच दिसतात, त्यामुळे आनंद झाला. शेवटच्या परिच्छेदात तो पार मावळला. ‘ही जन्मजात यंत्रणा अधिकाधिक बळकट करा’ असा सल्ला, आणि खाली चौकटीत गुळवेल, हळद आणि काढ्यांची यादी! माझ्या मुलीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा (स्वयंप्रतिकाराचा) आजार आहे. तिच्या शरीरात नेमकी हीच यंत्रणा थांबायला तयार नाही. ती आणखी बळकट करा, असे लेखक तिला सांगत आहेत.

‘हे रिसेप्टर (ओळख पटवणारी प्रथिने) परका डीएनए ओळखतात’ एवढेच लिहून लेखक पुढे गेले. वाचकाला वाटणार की यात गल्लत होतच नाही. पण डीएनए हा पदार्थ जंतूंचा आणि आपला एकच आहे. टीएलआर-9 मुख्यतः डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी सी आणि जी लागून आलेली जोडी हेरतो, आणि त्यातल्या सी वर मिथाइल गट ही छोटी रासायनिक खूण नसेल तर जागा होतो. जिवाणूंत अशी उघडी जोडी मुबलक, आपल्यात ती मुळात कमी आणि बहुतेक ठिकाणी मिथाइल लागलेली. फरक खरा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. म्हणून हा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर नसतोच. तो आतल्या आम्लधर्मी कप्प्यात, एंडोसोममध्ये असतो. गिळलेल्या जंतूचा डीएनए तिथे उघडा पडतो. आपल्या मेलेल्या पेशींचा डीएनए मात्र सहसा त्याआधीच विकरांनी तोडलेला असतो. सीगॅस तर अक्षरे पाहतच नाही. पेशीद्रवात दुपदरी डीएनए सापडला की तो स्टिंगला निरोप धाडतो आणि इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारे प्रथिन तयार होऊ लागते. तो डीएनए विषाणूचा आहे की आपल्याच पेशीचा निसटलेला, हे त्याला कळत नाही. ट्रेक्स-1 नावाचे विकर असा निसटलेला डीएनए साफ करत असते. हे विकर जन्मतःच बिघडलेले असेल, तर कोणताही संसर्ग नसताना तान्ह्या बाळाच्या मेंदूला इजा होते. त्या आजाराचे नाव ऐकार्डी-गूतिएर सिंड्रोम. लेखात याचा उल्लेखही नाही.

ल्युपसमध्ये आपल्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती डीएनएला धरून त्याला त्या आतल्या कप्प्यात घेऊन जातात, जिथे तो कधी पोचायला नको. मग सांधे, त्वचा, मूत्रपिंडे. मुलीच्या प्रत्येक तपासणीत ‘अँटी-डीएसडीएनए’ हा आकडा आम्ही आधी पाहतो.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी ती रोज घेते. ही गोळी त्याच कप्प्यातली आम्लता कमी करते आणि टीएलआर-9 ला आवर घालते. मार्च 2020 मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) कोरोना टाळण्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना ती सुचवली, अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिचे गोडवे गायले, वर्तमानपत्रांनी मथळे केले, आणि औषधाच्या दुकानांतून ती दिसेनाशी झाली. आम्ही वर्षानुवर्षे जिथून घेत होतो, त्या दुकानदाराने चिठ्ठी न वाचताच परत केली. “काकू, ती कोरोनाची गोळी आहे, तुम्हाला कशाला?” मी ल्युपस समजावून सांगू लागले, तर मागच्या रांगेतून आवाज आला, “आधी डॉक्टर-नर्सना मिळू द्या.” ते माझ्या मनातून अजून जात नाही. कुणाच्या तोंडचा घास मी काढून घेत नव्हते. माझ्या मुलीचे रोजचे औषध मागत होते. तिने अर्धी-अर्धी गोळी करून दिवस काढले, मग तीही संपली. घोटे सुजले, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. तिला मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करावे लागले, ते आजही चालू आहे. पुढे जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवून दिले की रुग्णालयातल्या कोरोना रुग्णांना या गोळीचा उपयोग होत नाही. ती बातमी छापून आली तेव्हा मथळा लहान होता.

म्हणून गुळवेलीची चौकट पाहून मी गप्प बसू शकत नाही. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. त्यात स्वयंप्रतिकाराची लक्षणे दिसली होती. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हते, हेही छापा. पण ल्युपस, संधिवात, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काही घेऊ नये, ही एक ओळ चौकटीत मावली नसती का? आमच्या नात्यातल्या दोघीतिघींनी तो कागद मुलीला मोबाइलवर पाठवलासुद्धा. छापलेले म्हणजे खरे, असे त्या मानतात, आणि तुमच्या वर्तमानपत्रावर त्यांचा विश्वास आहे म्हणूनच मानतात.

टीएलआर-9 मुद्दाम जागा करायचे खरे उदाहरण हवे होते, तर ते आपल्याकडेच होते. मार्च 2022 पासून 12 ते 14 वर्षांच्या मुलांना दिलेल्या कोर्बेव्हॅक्स या कोरोनाच्या लशीत सीपीजी-1018 हा डीएनएचा छोटा तुकडा आहे. तो याच रिसेप्टरला चेतवतो: ठरलेल्या मात्रेत, दंडात एका जागी, चाचण्या झाल्यानंतर. घरी उकळलेल्या काढ्याची मात्रा कोणी मोजली आहे?

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात डीएनएचा पीळ उलटा आहे. पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो. साध्या स्क्रूच्या आट्यांसारख्या त्याच्या समोरच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसायला हव्यात. तुमच्या चित्रात त्या उजवीकडून डावीकडे चढतात. विज्ञान दिनाच्या अंकातही हेच चित्र होते. तेव्हाही मी पोस्टकार्ड टाकले होते, उत्तर आले नाही.

खुलासा छापणार असाल, तर तो त्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावा. माझे नाव मात्र छापू नये, मुलीला ते आवडणार नाही.

— एक वाचक, सातारा