गाड्यांना आधी नळ द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पणजी, मडगाव, म्हापसा किंवा फोंडा, शहर कोणतेही असो, खाण्याच्या गाड्यांची चर्चा निघाली की ती दोन टोकांना जाऊन अडकते. एका पक्षाचे म्हणणे असे की गाडे अस्वच्छ असतात, रस्ता अडवतात, तेव्हा ते उचलावेत. दुसरा पक्ष म्हणतो की रोस-आमलेट, म्हणजे कढत रश्शातले आमलेट, ही गोव्याची ओळख आहे, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. या खडाजंगीत गाड्यामागे उभ्या असलेल्या माणसाला धंदा स्वच्छ ठेवण्यासाठी नेमके काय लागते, हा साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. अलीकडे भाच्याकडे सिंगापूरला जाण्याचा योग आला. देवळे, बागा आणि दुकाने पाहून झाल्यावर उरलेला बहुतेक वेळ मी तेथील हायनानी खाणावळी आणि हॉकर केंद्रे, म्हणजे फेरीवाल्यांसाठी बांधलेले खाद्यबाजार, पाहण्यात घालवला. तेथे जे दिसले त्याचा आपल्या गाड्यांशी फार जवळचा संबंध आहे असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

हायनान हे चीनच्या दक्षिण टोकाचे बेट. तेथील लोक सिंगापूरला मोठ्या संख्येने पोहोचले ते इतर चिनी समाजांच्या मागाहून, आणि तोवर होक्किएन, तिओचू व कँटोनी मंडळींनी व्यापार, बंदरावरची कामे आणि कारागिरी आपापसांत वाटून घेतली होती. हायनानी माणसाच्या वाट्याला इंग्रजांच्या बंगल्यांतली, क्लबांतली, हॉटेलांतली आणि बोटींवरची चाकरी आली. कोणी आचारी झाला, कोणी बटलर, तर कोणी दारूच्या काउंटरमागे उभा राहिला. रॅफल्स हॉटेलचे ‘सिंगापूर स्लिंग’ हे पेय 1915 च्या सुमारास प्रथम बनवण्याचे श्रेय न्यिआम तोंग बून या हायनानी बारटेंडरलाच दिले जाते. हे ऐकताना गोमंतकीय माणसाला आपल्या तारवट्यांची, म्हणजे बोटीवर चाकरी करणाऱ्यांची, आठवण न झाली तरच नवल. मुंबईला धोबीतलावच्या बाजूस आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहून बोटीची वाट पाहणारा, पुढे इंग्रजी कंपनीच्या बोटीवर भटारखाना सांभाळणारा आपला गावकरी आणि हा हायनानी आचारी एकाच बोटीवर शेजारी शेजारी कांदा चिरत उभे राहिले असतील, ही कल्पना अगदीच अशक्य कोटीतली नाही.

पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आपल्या तारवट्याची विद्या बहुतांशी घरच्या चुलीपाशी आणि फेस्ताच्या जेवणात राहिली. हायनानी आचाऱ्याने ती रस्त्यावर आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आणि त्यानंतर इंग्रज कुटुंबे पांगली, चाकऱ्या गेल्या, तेव्हा अनेकांनी चहा-कॉफीची दुकाने आणि छोट्या खाणावळी उघडल्या. साहेबासाठी शिकलेला डुकराच्या मांसाचा चॉप त्यांनी क्रीम क्रॅकर बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवून तळला, त्यावर टोमॅटोचा आंबटगोड रस्सा, वाटाणे आणि बटाटे घातले, आणि तो पदार्थ आज हायनानी म्हणूनच मिरवतो. आपल्या कटलेट-पावातल्या कटलेटाची ही दूरची मावसबहीणच म्हणायची.

मिडल रोड, पर्व्हिस स्ट्रीट आणि सिया स्ट्रीट हे तीन समांतर रस्ते म्हणजे जुनी हायनानी वस्ती. आज तेथे कचेऱ्या आणि महागडी उपाहारगृहे अधिक आहेत, तरी पर्व्हिस स्ट्रीटवर हायनानी पद्धतीचे जेवण अजून मिळते. हायनानी कोंबडी-भाताचे मूळ हायनानमधल्या वेनचांग गावच्या कोंबडीत आहे. सिंगापुरात 1920 च्या दशकात वांग यियुआन हा फेरीवाला तो विकत असे, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मोह ली ट्वी यांनी पुढे मिडल रोडवर ‘स्वी की’ हे नावाजलेले उपाहारगृह चालवले. ते 1997 मध्ये बंद झाले. म्हणजे आज विमानतळावरच्या जाहिरातीत झळकणारा हा पदार्थ मुळात एका फेरीवाल्याचा माल आहे, ही गोष्ट आपल्या पर्यटन खात्याने ध्यानात घेण्यासारखी आहे.

प्रथमदर्शनी हा पदार्थ आपल्याला निराश करतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शाकुतीच्या तांबूस रश्शाला सरावलेल्या डोळ्यांना ती फिकट, पांढुरकी कोंबडी आजाऱ्याच्या पथ्याची वाटते. पण गाळ्यासमोर थोडा वेळ उभे राहिले की त्यामागची मेहनत कळू लागते. अख्खी कोंबडी उकळी न फुटणाऱ्या पाण्यात मंद आचेवर शिजवतात आणि बाहेर काढताच बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे कातडीखाली चिकासारखा थर धरतो आणि मांस कोरडे पडत नाही. तांदूळ कोंबडीच्याच चरबीत आले-लसणीवर परततात आणि कोंबडी शिजलेल्या पाण्यात पांदानच्या सुवासिक पानांसह शिजवतात. कापणारा माणूस जाड लाकडी ठोकळ्यावर रुंद सुरीचे चार-सहा घाव घालतो, तुकडे सुरीच्या पात्यावरच उचलून काकडीच्या चकत्यांवर ठेवतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. सोबत आले-मिरचीची झणझणीत चटणी असते. माझ्या मते सारी जादू त्या भातात आणि चटणीत आहे, कोंबडी निमित्तमात्र.

न्याहारीचा प्रकारही असाच साधा. कोळशावर भाजलेल्या पातळ पावात लोणी आणि काया, म्हणजे नारळाचा रस, अंडी व साखर आटवून केलेला मुरांबा, सोबत सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घातलेली अर्धकच्ची अंडी आणि कापडी पिशवीतून गाळलेली काळी कॉफी. किलिनी रोडवरचे दुकान 1919 पासूनचे, तर ‘या कुन’ नावाच्या दुकानाची सुरुवात 1944 मध्ये हायनानहून आलेल्या एका कामगाराने केली. आता त्याच्या शाखा अनेक देशांत आहेत. आपली पातळ भाजी आणि उंडो, म्हणजे आपला गोल पाव, यापेक्षा कशात कमी आहे, हे मला अजून कळलेले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 1960 च्या दशकापर्यंत सिंगापूरचे फेरीवाले आपल्या गाडेवाल्यांसारखेच होते. वाहते पाणी नाही, उष्टे आणि खरकटे पाणी गटारात, गटार नदीत, आणि मागे पोलीस. सरकारने 1968-69 मध्ये त्यांची बेटभर नोंदणी केली आणि 1971 ते 1986 या काळात टप्प्याटप्प्याने सर्व परवानाधारक फेरीवाल्यांना बांधलेल्या हॉकर केंद्रांत जागा दिली. 1977 मध्ये सुरू होऊन दहा वर्षे चाललेल्या सिंगापूर नदीच्या सफाईत हे स्थलांतर हा एक महत्त्वाचा भाग होता. सांतिनेजच्या खाडीकाठी नाक धरून चालणाऱ्या पणजीकरांनी हे लक्षात ठेवावे. केंद्र म्हणजे काही राजवाडा नव्हे. वर छप्पर, चारी बाजूंनी मोकळी हवा, प्रत्येक गाळ्याला नळ, वीज आणि सांडपाण्याची मोरी, मध्ये सामाईक टेबले, एवढेच. स्थलांतरित झालेल्या पहिल्या पिढीला भाडे सवलतीत मिळाले. मग 1997 पासून प्रत्येक गाळ्यावर स्वच्छतेची अ ते ड अशी श्रेणी ठळक अक्षरांत लावण्यात आली, जेणेकरून गिऱ्हाइकालाच न्याय करता यावा. आधी सोय, मग शिस्त, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. 2016 मध्ये सिंगापुरातील दोन हॉकर गाळ्यांना उत्तम उपाहारगृहांना दिला जाणारा मिशेलिनचा तारा मिळाला आणि डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने सिंगापूरची हॉकर संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो. संध्याकाळी सातच्या सुमारास एखाद्या रोस-आमलेटच्या गाड्यापाशी उभे राहून पाहावे. तव्यावर आमलेट फुलते, गाडेवाला ते बशीत घडी करून ठेवतो, वरून पळीभर कढत रोस, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, बाजूला पाव. हात इतका सरावलेला की पळी मोजून बुडते. आणि तीच बशी रिकामी झाली की गाड्याखालच्या बादलीत बुडवली जाते, फडक्याने पुसली जाते आणि पुढच्याच्या हाती जाते. बादलीतले पाणी रात्री गाडा बंद होईपर्यंत किती वेळा बदलले जाईल, हे घरून आणलेल्या ड्रमात किती पाणी उरले आहे यावर अवलंबून असते. यात गाडेवाल्याचा आळस किती आणि नळ नसल्याचा भाग किती, याचा विचार केल्यावाचून दंडाची पावती फाडणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

म्हापसा नगरपालिकेने जानेवारी 2024 मध्ये गोबी मंचुरियनवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला आणि देशभर त्याच्या बातम्या झाल्या. त्याआधी 2022 मध्ये वास्कोच्या सप्ताहाच्या जत्रेतील गोबीच्या गाड्यांना आवर घालण्याच्या सूचना अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव पालिकेला दिल्या होत्या. कृत्रिम रंग आणि हलक्या प्रतीचे सॉस ही कारणे खोटी नव्हती, आणि जत्रेत लालभडक गोबी खाऊन पोट बिघडलेल्यांबद्दल मला सहानुभूती आहे. (ज्याला आपण चिनी म्हणतो ते मंचुरियन मुंबईत 1975 च्या सुमारास जन्मले, हा भाग वेगळा.) पण पदार्थावर बंदी घातल्याने तोच गाडेवाला दुसऱ्या दिवशी त्याच बादलीतल्या बशीत दुसरा पदार्थ देतो. रंग तपासायचा तर तेल, सॉस आणि पाणी यांचे नमुने वर्षभर, न सांगता आणि नेमाने तपासले पाहिजेत आणि निकाल गाड्यावर लावला पाहिजे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्राचा कायदा 2014 पासून अमलात आहे. त्यानुसार प्रत्येक नगरपालिकेत पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांतील एकतृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, विक्री प्रमाणपत्रे द्यावीत आणि विक्रीची क्षेत्रे आखावीत, असेही त्यात आहे. आपल्या राज्यात एक महापालिका आणि तेरा नगरपालिका आहेत. त्यांच्या समित्या कधी बसतात आणि सर्वेक्षणाची यादी कोणत्या फलकावर लागते, हे रस्त्यावरच्या दहा नागरिकांना विचारून पाहावे. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाऊगल्लीला 2018 मध्ये देशातील पहिले स्वच्छ पथखाद्य केंद्र म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा ही गोष्ट सिंगापूरलाच जमते अशी सबबही उरत नाही.

सिंगापूरची नक्कल डोळे झाकून करावी असे मी म्हणत नाही. तेथील जुने हॉकर आता साठीच्या घरात आहेत, मुले कचेरीत बसणे पसंत करतात आणि दोन-चार डॉलरला जेवण मिळावे हा गिऱ्हाइकाचा हट्ट काही सुटत नाही. आपल्याकडेही गाडेवाल्याचा मुलगा गाड्यावर उभा राहील तो त्यात प्रतिष्ठा आणि चार पैसे दिसले तरच. एक छोटी गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तेथे उष्टे ट्रे परत ठेवण्याच्या जागी मुसलमान गाळ्यांच्या भांड्यांसाठी वेगळी फळी असते आणि त्यावरून कोणी नाक मुरडत नाही. आपल्या एकाच छपराखाली चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि पाव), शाकुती आणि सोमवार पाळणाऱ्यांची भजी-पाव हे सारे नांदवायचे असेल, तर भांडी धुण्याची अशी वेगळी सोय पहिल्या दिवसापासून नकाशात हवी. नाहीतर उद्घाटनानंतर महिनाभरात शाकाहारी गिऱ्हाईक पाठ फिरवील आणि मग प्रकल्प फसला म्हणून सांगायला सगळे मोकळे.

दुसरी भीती जागेची आहे. गाडे संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या माणसावर चालतात. त्यांना शहराबाहेरच्या मोकळ्या पटांगणात नेऊन बसवले, तर फीत कापल्याच्या फोटोपलीकडे काही उरणार नाही. बसस्थानक, बाजार आणि फेरीधक्का यांच्या हाकेच्या अंतरावरच छप्पर उभारले पाहिजे. शिवाय गाळे देताना लिलाव करू नये. सर्वाधिक बोली लावणारा कधीच रोस-आमलेटवाला नसतो, तो पर्यटकांना पिझ्झा विकणारा असतो. ज्यांची नावे सर्वेक्षणात आहेत त्यांनाच गाळे मिळावेत, ते दुसऱ्याला भाड्याने देता येऊ नयेत आणि भाडे गाडेवाल्याच्या संध्याकाळच्या गल्ल्याला झेपेल इतकेच असावे.

येत्या पावसाळ्यापूर्वी निदान पणजी, मडगाव आणि म्हापसा येथे प्रत्येकी एका ठिकाणी, आज जेथे गाडे लागतात तेथेच, एक नळजोडणी, एक झाकलेली मोरी आणि भांडी धुण्यासाठी सामाईक हौद एवढे तरी करून पाहावे. खर्च चौकातल्या एखाद्या कारंज्याएवढाही येणार नाही. मोठ्या केंद्राचा आराखडा त्यानंतर पथविक्रेता समितीपुढे ठेवावा, आणि त्या बैठकीची तारीख आपल्या दैनिकातून आधी जाहीर व्हावी, ही संबंधितांना आपल्यामार्फत विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, म्हापसा