मुलांना विचारू तरी द्या

संपादक महोदय,

सव्वीस वर्षं मी ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत भाषा शिकवली आणि रविवारी चर्चच्या मंडळीत संडे स्कूल घेतलं. दृढीकरण, म्हणजे चर्चमध्ये आपल्या विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, झालं की मुलं उपासनेला येईनाशी होतात, ही पालकांची तक्रार मी कायम ऐकत आले. दोष मोबाइलला दिला जातो. मला ते पटत नाही.

नववीतल्या एका मुलीची आजी वारली. बायबलच्या तासाला तिने विचारलं, "आम्ही सगळ्यांनी रोज प्रार्थना केली, तरी आजी गेलीच. देवाने ऐकलं नाही का?" "असं बोलू नये" म्हणून तिला खाली बसवलं. मी मागच्या बाकावर वह्या तपासत होते, गप्प राहिले. ती खंत अजून जात नाही. त्यानंतर प्रार्थनेला ती रोज उभी असायची, हातात गीतांचं पुस्तक उघडं आणि ओठ घट्ट मिटलेले. एकही दिवस चुकवला नाही, एकही ओळ म्हटली नाही.

तिला बोलतं केलं ते वरच्या वर्गातल्या एका मुलीने. त्या मोठ्या मुलीचे वडील नव्हते. मधल्या सुट्टीत दोघी जिन्यात बसून स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र वाचायच्या. देवा, मला किती काळ विसरणार, असं दावीद त्यात उघड विचारतो. "बाई, हे बायबलमध्येच आहे?" तिने मला येऊन विचारलं होतं.

अमेरिकेत 2002-03 मध्ये 13 ते 17 वयाच्या तीन हजारांवर मुलांची धर्मविषयक पाहणी झाली. घरच्यांचा प्रभाव सर्वांत मोठा दिसला, पण बऱ्याच मुलांना आपला विश्वास शब्दांत सांगता येईना. 'तू काय मानतोस' असं कुणी मोठ्या माणसाने विचारण्याची अनेकांची ती पहिलीच वेळ असावी, असं संशोधक ख्रिश्चन स्मिथ यांना वाटलं. हे वाचून मला जिन्यातल्या त्या दोघी आठवल्या.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. शाळांनी आठवड्यातून एक तास तसा ठेवावा. गुण नकोत, सक्ती नको, आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, स्वतः येऊन बसावं.

आमच्या मंडळीत शनिवारी असा तास सुरू केलाय. सहाच मुलं येतात. परवा एकाने विचारलं, देवाशी भांडलं तर चालतं का? येत्या शनिवारी बायबलमधलं, दुःखात देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबाचं पुस्तक वाचायला घेतोय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका