ईमची बंद वेस

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या खेड्यांवरचा लेख आवडला. पण डर्बीशायरमधले ईम गाव त्यात हवे होते. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून तिथे प्लेग शिरला, असे सांगतात. पुढच्या जूनमध्ये सेंट लॉरेन्स चर्चचे तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी गावाची वेस बंद करायचे ठरवले. पण गावाचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅनली यांना सोबत घेतले. सरकारमान्य प्रार्थनापद्धती नाकारल्यामुळे पद गमावलेला हा माणूस! मला तर या जोडीचेच अधिक अप्रूप वाटते.

चर्च बंद झाले, प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागल्या. शेजारचे लोक वेशीवरच्या दगडाशी अन्न ठेवत आणि त्याच्या खळग्यांत व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी उचलून नेत. सुमारे २६० माणसे दगावली. एलिझाबेथ हॅनकॉक यांनी आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरिनही गेल्या. त्यांची कबर चर्चच्याच आवारात आहे.

– एक वाचक, नाशिक